तुकोबांचा चेहरा : विष्णुपंत पागनीस

आपल्यापैकी बहुतेकांच्या देवघरात, आणि जागेच्या अडचणीमुळे देवघर वेगळे नसेल तर दिवाणखान्याच्या एखाद्या भिंतीवर, तुकाराम महाराजांची तसबीर असतेच. डोक्याला मुंडासे, कपाळी गंध, गळ्यात तुळशीची माळ, हाती वीणा आणि किंचित वर लागलेली दृष्टी. शोळिंगनल्लूरच्या उंच इमारतींतून राहणाऱ्या मराठी बिऱ्हाडांपासून देहू हजाराहून अधिक किलोमीटर दूर आहे. पण आषाढीला आपण भजनाला जमतो तेव्हा बुक्का लावायला हात त्याच मुखाकडे जातो. तुकोबा सतराव्या शतकातले. त्यांच्या काळी छायाचित्रण नव्हते. मग हा चेहरा आपल्याला मिळाला कोठून, हा प्रश्न आपल्या मुलांनी विचारला तर त्याचे उत्तर बहुतेक तसबिरींच्या बाबतीत एकच येते. हा चेहरा विष्णुपंत पागनीस या नटाचा आहे, अथवा त्या चेहऱ्यावरून पुढच्या चित्रकारांनी घडविलेला आहे.

एखाद्या नटाला कीर्ती मिळते, पैसा मिळतो, क्वचित पदवीही मिळते. परंतु लोकांनी त्याच्या मुद्रेला संताची मुद्रा मानून हार घालावा, आणि घालणाऱ्यांपैकी शेकडा नव्वदांना त्याचे नावही ठाऊक नसावे, असे भाग्य (त्यास भाग्य म्हणावे की आणखी काही, याचा विचार पुढे येईलच) फारच थोड्यांच्या वाट्यास आले असेल. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी रंगभूमी आणि चित्रपट या दोहोंशी संबंध असलेल्या एखाद्या जुन्या कलावंतावर लिहावे, अशी सूचना आली, तेव्हा आमच्या मनात प्रथम हेच नाव उभे राहिले.

विष्णुपंतांचा जन्म १८९२ मधला, चिकोडीचा. चिकोडी आज कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यात आहे. त्या मुलखात मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा एकाच अंगणात वाढतात, हे त्या बाजूच्या आपल्या सभासदांस सांगावयास नको. मराठी संगीत रंगभूमीला या सीमाभागाने किती माणसे दिली, याचा हिशेब कोणी मांडला तर तो मोठा भरेल. खुद्द अण्णासाहेब किर्लोस्कर धारवाडकडच्या गुर्लहोसूरचे. गळा असलेला, दिसायला नाजूक मुलगा या भागात कोणाच्या दृष्टीस पडला की नाटक मंडळीचे बोलावणे यावयास वेळ लागत नसे.

विष्णुपंत लहानपणीच ‘स्वदेशहितचिंतक’ नाटक मंडळीत गेले. या मंडळीचे त्या काळी चांगलेच नाव होते. देवलांच्या ‘शारदा’ नाटकात बालवयात शारदा उभी करून प्रेक्षकांस वेड लावणारे केशवराव भोसले याच मंडळीतले. पुढे १९०८ मध्ये त्यांनी हुबळीस ‘ललितकलादर्श’ काढली. अशा मंडळीतील मुलाचे आयुष्य कसे असे, याची कल्पना आजच्या पालकांस येणे कठीण. घर सुटलेले, शाळा सुटलेली. सकाळी गवयापुढे बसून तालीम, दुपारी नकला पाठ करणे, रात्री दिवे लागले की अंगावर लुगडे चढवून पहाटेपर्यंत उभे राहणे, आणि मुक्काम हलला की पेट्यांबरोबर बैलगाडीत झोप. त्या बदल्यात मिळे ती विद्या मात्र खरी असे. सुरात उभे राहणे, शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचविणे, हात कोठे ठेवावा, मान किती लववावी, हे सारे हाडीमांसी भिनत असे.

विष्णुपंतांच्या वाट्यास आल्या त्या स्त्रीभूमिका. त्या काळी कुलीन स्त्रिया रंगभूमीवर येत नसत आणि नायिकेची पदे तर गावयाचीच असत. त्यामुळे कोवळ्या गळ्याच्या मुलांवर साऱ्या संगीत रंगभूमीचा डोलारा उभा होता. पुरुषाने स्त्री होणे म्हणजे केवळ वेष पालटणे नव्हे. चालण्याची ढब, पदर सावरण्याची लकब, नजर खाली घालण्यातली लज्जा हे वर्षानुवर्षे अंगी बाणवावे लागे, आणि एकदा बाणले की रंग उतरविल्यावरही ते पुरते उतरत नसे. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. विष्णुपंतांच्या आयुष्यातील मोठा प्रसंग पुढे याच गोष्टीभोवती फिरावयाचा होता.

स्त्रीपार्टी नटाच्या धंद्याला एक शाप असे. बालगंधर्वांसारखा एखादा लोकोत्तर पुरुष सोडला, तर हे वैभव गळा फुटेपर्यंत आणि अंगावर मांस चढेपर्यंतचे. पुढे काय? काही जण पुरुषभूमिकांकडे वळत, काही मंडळीचे व्यवस्थापक होत, काहींच्या नशिबी घरोघर शिकवण्या येत, आणि कित्येकांचे काय झाले हे कोणी लिहूनच ठेवलेले नाही. विष्णुपंतांनी रंगभूमी सोडली आणि मुंबईस शाळेत संगीतशिक्षकाची नोकरी धरली. वरवर पाहता ही उतरंड होय. ज्याच्या पदांना ‘वन्स मोअर’ मिळत, त्याने हजेरीपटावर सही करून मुलांकडून सरगम घोटून घ्यावयाची! सरकारी नोकरीत तीस वर्षे घालविलेल्या आमच्यासारख्यास मात्र या नोकरीची किंमत समजते. महिन्याच्या ठराविक तारखेस हाती पडणारा पगार माणसाला लहान करतो असे म्हणण्याची चाल आहे. परंतु तो माणसाला लाचारीपासून वाचवितो, हेही तितकेच खरे. त्याच सुमारास फुटलेल्या नाटक मंडळ्यांतील किती गुणी नटांनी उतारवयात हात पसरले, हे नाट्येतिहास वाचणारास ठाऊक आहे.

या काळात विष्णुपंत भजने गात. नाटकातील पद आणि भजन यांत फरक आहे, आणि तो केवळ चालीचा नाही. नाट्यपद श्रोत्याकडे तोंड करून म्हटले जाते. तान घेतली की टाळी आली पाहिजे. भजन देवाकडे तोंड करून म्हणावयाचे असते. श्रोता पाठीमागे, जमलेच तर टाळ धरून साथ करावयास. नाटकात तयार झालेल्या गळ्याला हे दुसरे वळण लागणे सोपे नसते. विष्णुपंतांना ते लागले. नाटक सुटल्यानंतरच्या त्या वर्षांचा तपशील फारसा कोणी नोंदलेला नाही. पण आमच्या मते त्यांच्या पुढच्या यशाची पुरचुंडी येथेच बांधली गेली.

दरम्यान जग बदलत होते. १९३१ च्या मार्चमध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला, आणि पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला. त्यात तारामतीचे काम दुर्गाबाई खोटे यांनी केले. कुलीन घरातली, शिकलेली स्त्री पडद्यावर आली. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ने स्त्रीभूमिका स्त्रियांच्या हाती देऊन रंगभूमीवरही तोच पायंडा पाडला. स्त्रीपार्टी नटांचे युग संपल्याची ही चिन्हे होती. नाटकांच्या थिएटरांवर पांढरे पडदे लागू लागले, आणि मंडळ्यांचे तंबू एकामागून एक उठले.

प्रभात ही कोल्हापुरास १९२९ मध्ये व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी काढलेली कंपनी. १९३३ मध्ये ती पुण्यास आली. कंपनीची शिस्त कडक, नेपथ्य आणि छायालेखन उत्तम, आणि विषय निवडण्याची दृष्टी चोख. संतचरित्रावर बोलपट काढावा असे तिच्या मनात आले, तेव्हा १९३५ मध्ये तिने एकनाथ महाराजांची निवड केली. प्रथम या चित्रपटास ‘महात्मा’ असे नाव होते. त्या नावात गांधीजींची सूचना आहे म्हणून सरकारी परीक्षकांनी हरकत घेतली, तेव्हा ते ‘धर्मात्मा’ झाले. एकनाथ झाले साक्षात बालगंधर्व.

या घटनेवर थोडे थांबले पाहिजे. बालगंधर्व त्या वेळी पन्नाशीच्या जवळ आलेले होते. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या त्यांच्या भूमिकांनी महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांना वेड लावले होते. त्यांच्या नेसण्यावरून घराघरांतील स्त्रिया नेसत. अशा नटसम्राटाने मिशी नसलेल्या, शांत, वृद्ध होत चाललेल्या सत्पुरुषाचे काम पडद्यावर करावे, हा बेत मोठा होता. दिग्दर्शक शांताराम, कथालेखक के. नारायण काळे, संगीत मास्तर कृष्णरावांचे. कशाची म्हणून उणीव नव्हती. तरीही चित्रपट अपेक्षेप्रमाणे लोकांच्या मनात उतरला नाही. बालगंधर्व आणि प्रभात यांचा भागीदारीचा संसारही त्या एका चित्रपटापलीकडे टिकला नाही. पुढे १९३७ मध्ये ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीवेषात पडद्यावर आले, तेही प्रेक्षकांस रुचले नाही.

असे का झाले, याची कारणे जाणत्यांनी पुष्कळ दिली आहेत. आम्हांस वाटते ते असे. बालगंधर्व पडद्यावर आले ते बालगंधर्व म्हणूनच. प्रेक्षक एकनाथांस पाहावयास आला नव्हता. नारायणराव पुरुषवेषात कसे दिसतात हे पाहावयास आला होता. प्रत्येक दृश्यात त्याच्या मनात भामिनी आणि सिंधू येरझारा घालीत होत्या. रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा हावभाव कॅमेऱ्याच्या जवळच्या नजरेला मोठा वाटतो, हेही कारण खरे. पण ते दुय्यम.

या अनुभवानंतर वर्षभरातच दामले आणि फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ हाती घेतला. ही जोडी मुळात कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या तालमीतली. एकाचे लक्ष ध्वनीकडे, दुसऱ्याचे चित्रकलेकडे आणि नेपथ्याकडे. कंपनीत त्यांना सारे दामलेमामा आणि साहेबमामा म्हणत. वारकऱ्यांच्या सर्वांत लाडक्या संताचे चरित्र पडद्यावर उभे करणाऱ्या दोघांपैकी एक मुसलमान होता, याचे त्या काळी कोणास विशेष वाटले नाही, हे आज मुद्दाम सांगावेसे वाटते. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे, आणि जेथे तुकोबांचा अभंग नव्हता तेथे पद रचावयास शांताराम आठवले.

तुकोबांच्या कामासाठी पागनिसांचे नाव पुढे आले तेव्हा कंपनीत ते सहजासहजी कोणाच्या पसंतीस उतरले नाही. हरकत उघड होती. हा माणूस स्त्रीपार्टी. त्याच्या चालण्याबोलण्यात अजून ती नजाकत शिल्लक आहे. तुकाराम म्हणजे कुणबी, वाणी, दुष्काळात पोळलेला, शब्दांचा सोटा हाणणारा परखड पुरुष. तो असा मऊ कसा चालेल? त्यातून वर्षापूर्वीच एका महान स्त्रीपार्टी नटाला संत करून हात पोळून घेतलेले. कोणत्याही व्यवहारी माणसाने हाच आक्षेप घेतला असता, आणि आमच्यापुढे ती फाईल आली असती तर आम्हीही बहुधा ‘नामंजूर’ असाच शेरा मारला असता.

दिग्दर्शकांनी केले ते उलट. पागनिसांच्या अंगातील मार्दव घालविण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. तेच तुकोबांचे मार्दव म्हणून वापरले. नाटकाने शिकविलेले हातवारे तेवढे गाळले आणि जे उरले ते राहू दिले. म्हणून पडद्यावरचा तुकाराम कोणावर ओरडत नाही. बायको तोंडाचा पट्टा सोडते तेव्हा तो खाली पाहून किंचित हसतो. लोक नाडतात तेव्हा तो रागावत नाही, त्याला कोडे पडल्यासारखे होते. चालताना पाय जमिनीला अलगद लागतात. गाताना शरीर स्थिर आणि फक्त मुद्रा उजळते. वर्षानुवर्षे लज्जा, आर्जव आणि समर्पण यांचा अभ्यास केलेल्या शरीराला देवापुढे उभे कसे राहावे हे शिकवावे लागले नाही. विरहिणी झालेल्या संतांची कितीतरी पदे आपल्या भक्तिवाङ्मयात आहेत. स्त्रीभूमिकेची ती साधना, ज्या गुणासाठी तिला नावे ठेवली गेली त्याच गुणामुळे, येथे कामास आली.

दुसरे कारण आम्ही वर सूचित केलेच आहे. मुंबईच्या शाळेत गाणे शिकविणाऱ्या चव्वेचाळीस वर्षांच्या मास्तरांचा चेहरा प्रेक्षकांच्या ओळखीचा नव्हता. जुन्या नाटकवाल्यांना ते आठवत असतील. पण नव्या प्रेक्षकाच्या मनात त्यांच्याविषयी कसलीच पूर्वपीठिका नव्हती. रिकाम्या पाटीवर अक्षर चटकन उमटते, तसे झाले. बालगंधर्वांस जे त्यांच्या कीर्तीने करू दिले नाही, ते पागनिसांस त्यांच्या विस्मृतीने करू दिले.

चित्रपटाचा आरंभच पाहावा. तुकोबा विठ्ठलमूर्तीपुढे डोळे मिटून बीज आणि तरू यांवरचे पद म्हणत आहेत. चाल अगदी साधी, दहा माणसांनी मागून म्हणावी अशी. लगेच दृश्य बदलते आणि तेच पद देवळात सालोमालो आपले म्हणून ठोकून देतो, तेही नाटकी ताना मारीत, उपरण्याशी चाळा करीत. भागवतांनी हा सालोमालो फार बहारीने रंगविला आहे. भजन आणि नाट्यपद यांतला जो फरक आम्ही वर सांगितला, तो येथे एका शब्दाच्याही भाष्याशिवाय कळतो. आणि गंमत अशी की, खरे गाणारा विष्णुपंत स्वतः त्या दुसऱ्या जगातून आलेला होता. हे पद तुकोबांच्या गाथ्यातले नव्हे, शांताराम आठवल्यांचे आहे. ते इतके बेमालूम उतरले की पुष्कळांनी ते अभंग समजूनच पाठ केले, आणि आजही भजनांतून ते तुकोबांचे म्हणून गाइले जाते. चेहरा पागनिसांचा, शब्द आठवल्यांचे, आणि दोन्ही लोकांनी तुकोबांच्या खात्यावर जमा केले!

पागनिसांच्या यशातला मोठा वाटा त्यांच्या समोर उभ्या असलेल्या बाईंचाही आहे. आवलीचे काम करणाऱ्या गौरी या कोणी नामवंत नटी नव्हत्या. स्टुडिओत लहानसहान कामे करीत त्या पुढे आलेल्या. नाटकाचे वारे अंगाला लागलेले नसल्यामुळे त्यांचे बोलणे, म्हशीला धुणे, पोरांवर खेकसणे हे सारे थेट खेड्यातून उचलून आणल्यासारखे वाटते. आजारी मुलासाठी कासावीस होऊन ती पायातले पायताण हाती घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते, तो प्रसंग पाहावा. एकीकडे ही सबंध प्रपंचाची बाजू, दुसरीकडे पागनिसांचा निःशब्द परमार्थ. त्यांतून चित्रपटाचा तोल साधला गेला. तुकोबा सदेह वैकुंठाला निघतात आणि तिलाही चलण्याविषयी विनवितात, तेव्हा ती पोराबाळांचा संसार सोडून जात नाही. गरुडाचे विमान, इंद्रायणीतून वर आलेल्या वह्या, धान्याची वृष्टी हे चमत्कार आज पाहताना मुलांना हसू येईल. आम्हांसही थोडे येते. परंतु आवली दारात उभी राहून वर पाहते त्या क्षणी हसू येत नाही.

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईस गिरगावातील ‘सेंट्रल’ चित्रपटगृहात ‘संत तुकाराम’ लागला आणि तेथे सत्तावन्न आठवडे चालला. त्या काळात एका मराठी चित्रपटाने एकाच ठिकाणी वर्षाहून अधिक मुक्काम करावा, ही अपूर्वाई होती. शहराबाहेर तर त्याची वारीच निघाली. फिरत्या तंबूंतून तो गावोगाव गेला. लोक वहाणा बाहेर काढून बसत, तुकोबा पडद्यावर आले की हात जोडत. १९३७ मध्ये व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्या वर्षीच्या उत्कृष्ट तीन चित्रपटांत त्याची गणना झाली. परदेशात असा मान मिळविणारा हा पहिलाच भारतीय चित्रपट. त्या गौरवाचे प्रशस्तिपत्र मध्यंतरी गहाळ झाले होते; ते केरळातील एका छायालेखकाच्या हाती लागून २००४ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात परत आले. मराठी ठेवा दक्षिणेतील माणसाने सांभाळून परत केला, याचे आपल्यासारख्या दक्षिणेत राहणाऱ्यांस अप्रूप वाटावयास हरकत नाही.

दक्षिणेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. आमचे एक तमिळ सहकारी कार्यालयात येण्यापूर्वी घरी नित्य भजन करतात आणि त्यात तुकोबांचे अभंग मराठीतच म्हणतात. उच्चार त्यांचे, भाव आपलाच. हे नवल नाही. तंजावरच्या मराठी राजवटीत आलेल्या कीर्तनकारांनी येथे जी पद्धत रुजविली, तिच्यातून तमिळ हरिकथेला साकी, दिंडी, ओवी, आर्या ही वृत्ते मिळाली आणि येथील भजनसंप्रदायात अभंगाला कायमचे पान मांडले गेले. त्यामुळे प्रभातच्या तुकारामाची कीर्ती इकडे पोचताच दक्षिणेकडे तशीच मागणी उत्पन्न झाली, यात आश्चर्य नव्हते. १९३८ मध्ये कोइमतूरच्या सेंट्रल स्टुडिओचा तमिळ ‘तुकाराम’ निघाला. दिग्दर्शक बी. एन. राव, आणि तुकारामाच्या कामासाठी त्यांनी निवडले मुसिरी सुब्रह्मण्य अय्यर यांना, म्हणजे कर्नाटक संगीतातील त्या काळच्या अग्रगण्य गायकांपैकी एकाला. तेलुगूतही तुकाराम झाला, तो सी. एस. आर. आंजनेयुलु यांचा. पुढे १९७३ मध्ये तेलुगू ‘भक्त तुकाराम’ आला, त्यात अक्किनेनी नागेश्वरराव तुकाराम झाले आणि शिवाजी महाराज झाले शिवाजी गणेशन. गणेशन यांस ‘शिवाजी’ हे नाव मिळाले तेही १९४६ मध्ये अण्णादुराईंच्या नाटकातील शिवाजी महाराजांच्या भूमिकेमुळे, हे आपल्यातील कित्येकांना ठाऊक असेल.

मुसिरींनी तुकाराम केला, आणि ते पुन्हा आपल्या गाण्याकडे वळले. दुसऱ्या चित्रपटात ते दिसले नाहीत. पुढील वर्षी, १९३९ मध्ये, मद्रासच्या संगीत अकादमीने त्यांना संगीत कलानिधी केले. नंतर ते येथील कर्नाटक संगीत महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. एका भूमिकेने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली नाही. पागनिसांचे तसे झाले नाही, आणि त्यांच्या चरित्रातील खरी अवघड बाजू आमच्या मते ही आहे.

तुकारामानंतर ज्याने त्याने त्यांना संतच केले. १९३९ मध्ये रणजित मूव्हीटोनचा ‘संत तुलसीदास’ आला. त्यात लीला चिटणीस, केशवराव दाते, राम मराठे अशी मंडळी होती आणि संगीतातही ज्ञान दत्त यांच्या जोडीला पागनिसांचे नाव होते. १९४० मध्ये विजय भट्टांच्या ‘नरसी भगत’मध्ये ते नरसी मेहता झाले. त्यात दुर्गाबाई खोटे त्यांच्यासमवेत होत्या. १९४३ मध्ये ‘भक्तराज’ आणि ‘महात्मा विदुर’. नावे पाहिली तरी पुरे. रागीट माणूस, कपटी माणूस, हसविणारा माणूस, किंवा नुसता एखादा कारकून त्यांनी कसा केला असता, हे पाहावयाची संधी त्या काळच्या निर्मात्यांनी आपल्याला दिली नाही. ज्याच्या पायांवर तंबूतल्या प्रेक्षकांनी मनोमन डोके ठेवले, त्याला खलपुरुष करण्याची छाती कोणाची होणार? लहानपणी गळ्याने आणि रूपाने त्यांना एका चौकटीत घातले होते. ती मोडली तेव्हा शाळेत जावे लागले. उतारवयाच्या उंबरठ्यावर कीर्तीने दुसऱ्या चौकटीत घातले, आणि या चौकटीला तर काच व हारही होता. आधी आम्ही ‘भाग्य’ हा शब्द जपून वापरला तो एवढ्यासाठीच.

मात्र याचा त्यांना जाच वाटला, असे मानण्यास आधार नाही. भजन ही त्यांच्या आवडीची आणि नित्याची गोष्ट होती. चित्रपट मिळण्यापूर्वी वर्षानुवर्षे ते तेच करीत आले होते. वेगळ्या भूमिकांची हौस आपल्याला, प्रेक्षकांना, असते. ज्याला गावयास विठ्ठल पुरतो त्याला ती असेलच असे नाही. दोन्ही बाजू मांडून आम्ही निकाल वाचकांवर सोपवितो. ‘संत तुकाराम’ची प्रत सुदैवाने आजही चांगल्या स्थितीत उपलब्ध आहे, तो पाहून ज्याने त्याने ठरवावे.

१९४३ च्या ऑक्टोबरमध्ये विष्णुपंत वारले. वय पन्नासच्या आसपास. त्यांचे शेवटचे दोन चित्रपट त्याच वर्षातले. रंगभूमीवरची बालपणाची आणि तारुण्याची वर्षे, मग शाळेतली वर्षे, आणि पडद्यावरची जेमतेम सात. प्रभातही पुढे फार काळ टिकली नाही. १९५३ मध्ये कंपनी बंद पडली, आणि १९६० मध्ये त्याच आवारात सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था उभी केली. देहूचा देखावा जेथे उभारला होता त्या मैदानात गेली सहा दशके भारताच्या सर्व प्रांतांतून आलेली मुले कॅमेरा धरावयास शिकत आहेत, आणि त्यांना जे जुने चित्रपट अभ्यासाला लावतात त्यांत ‘संत तुकाराम’ असतोच.